मागून म्हणा

"आता सुरू करा मास्तर," दौलतराव म्हणाले. "पोट्टी कवाची उभी हाय."

शालिकरामने ओठांवरून जीभ फिरवली. जीभही कोरडीच होती. समोर अंतरपाट नव्हता, होम नव्हता. पांढरी चादर घातलेलं एक टेबल, त्यावर दोन तसबिरी, दोन हार आणि मेणबत्त्या. उन्हाळी वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या आणि नवरदेव हिरालाल स्वतःच त्या पुन्हा पुन्हा पेटवत होता.

भिलाईच्या मजूर कॅम्पात असं लग्न आजवर लागलं नव्हतं. शालिकरामने तर कुठेच लावलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्याने नागपुरात धम्माची दीक्षा घेतली होती. यंदा शाळेला सुटी लागताच तो प्रचारकांच्या शिबिरात गेला आणि शिबिर संपल्यावर त्याला इकडे धाडलं गेलं. निघताना त्याला सांगितलं होतं, कारखाना उभारायला आपली पुष्कळ माणसं गेलीत, त्यांना धम्म सांगा, त्यांची लग्नं लावा. आणि गंभीर राहा, लोक आपल्याकडे बघत असतात.

लोक बघतच होते. मांडवाबाहेर रेतीच्या ढिगावर पलीकडच्या झोपड्यांतले लोक येऊन बसले होते. भटाशिवाय ही माणसं लग्न लावतात कसं, हे त्यांना पाहायचं होतं. पण शालिकरामला खरी धास्ती दौलतरावांची होती. नवरी जया त्यांची भाची. आईमागे त्यांनीच तिला वाढवलं होतं. काल संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले होते, "मले लगन लागल्यासारखं वाटलं पायजे, मास्तर. नाही वाटलं, तर पोरीले घेऊन मी गावाले जातो. जोशी लावून देईल. उद्या कोणी म्हणन, हिचं लगनच नाही लागलं, तर ते मले आयकाचं नाही."

त्यात चुकीचं काय होतं? रात्रभर शालिकरामला झोप आली नव्हती.

"मी म्हणेन ते माझ्यामागून म्हणा," तो शिबिरात शिकवलेल्या शुद्ध भाषेत म्हणाला.

सगळा मांडव हात जोडून, डोळे मिटून म्हणू लागला. पाली भाषेतलं त्रिसरण झालं. पंचशील झालं. आवाज चांगला भरदार लागला होता. आता नवरानवरीच्या प्रतिज्ञा.

"आम्ही दोघे," शालिकरामने सुरुवात केली.

"आम्ही दोघे," सगळा मांडव म्हणाला.

पुढचा शब्द येईना. पहाटे विहिरीवर तोंड धुताना त्याने हे सगळं धडाधड म्हटलं होतं. आता डोक्यात नुसता पांढरा उजेड होता.

"थांबा जरा," तो पुटपुटला.

"थांबा जरा," मांडव म्हणाला.

त्याने घाईने हात हलवला. "नाही, नाही, हे म्हणायचं नाही."

"नाही, नाही, हे म्हणायचं नाही."

कुणी थट्टा करत नव्हतं. डोळे मिटलेलेच होते.

"अहो, गप्प बसा."

"अहो, गप्प बसा," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत स्पष्ट दौलतराव म्हणाले.

जयाचे खांदे हलू लागले. पोर रडते आहे असं शालिकरामला वाटलं. मग तिच्या नाकातून फुस्सकन आवाज निघाला. हिरालालने ओठ चावले, पण त्याचंही काही चाललं नाही. तिकडे रेतीच्या ढिगावर कुणीतरी मोठ्याने हसलं. गेलं सगळं, शालिकरामला वाटलं. आता हे बाहेरचे वर्षभर सांगत सुटतील, दौलतराव सांजच्या गाडीने पोरीला घेऊन जातील.

आणि नेमकं तेव्हाच त्याला हसू आलं. त्याने ते दाबलं तर ते पोटातून दुप्पट उसळून वर आलं. टेबलाचा कोपरा धरून तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. सगळा मांडव हसत सुटला. दौलतरावांनी डोळे उघडले, काय झालं ते शेजाऱ्याला विचारलं, आणि सगळ्यांच्या मागून हसायला लागून ते सगळ्यांत जास्त वेळ हसले.

हसू ओसरलं तेव्हा प्रतिज्ञा त्याला आपोआप आठवल्या.

"आता फक्त नवरानवरीने म्हणायचं," तो म्हणाला. दोघांनी म्हटलं. हार घातले गेले, फुलं पडली.

दौलतरावांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं. तरटावर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडे, मैनाबाईकडे, ते वळले.

"माय, लगन लागलं म्हनाव का हे?"



"माह्या लग्नात जोशी दूर आंब्याखाली उभा होता," मैनाबाई म्हणाली. "तेथूनच तांदूळ फेकले त्यानं. काय बोलला, आमाले आयकू बी नाही आलं. आमी मुक्यानं बसून होतो. आज मी सारं बोलली, बाप्पा. गप्प बसा बी बोलली."

दौलतरावांनी मांडवाबाहेर जाऊन हाक दिली, "पंगत मांडा रे."

माणसं पत्रावळींकडे पांगली. मैनाबाईने शालिकरामला हाताने जवळ बोलावलं.

"मास्तर, ते सुरवातीले जे म्हटलं आमी, त्याचा अर्थ काय होते?"

शिबिरातलं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. ते त्याने बाजूला ठेवलं.

"मलेच अजून पुरतं नाही समजलं, आजी," तो म्हणाला. "जेवढं समजलं तेवढं सांगतो."

मैनाबाईने तरटावर सरकून त्याला जागा करून दिली.