देवदूताचा आवाज

बोहोल बेटावरच्या त्या गावात फिलेमोन बावीस वर्षांचा झाला तरी त्याला मिसरूड फुटली नव्हती. आवाजही लहान मुलासारखा कोवळा. बाजारात पोरी त्याचा गाल ओढून विचारत, "काय रे बाळा, आईला सांगून आलास ना?" आणि त्याच पोरी रविवारी चर्चमध्ये त्याचं गाणं ऐकून डोळे पुसत. "देवदूत आहे गं अगदी!"

एकदा चुलीवर सुका मासा करपून कोळसा झाला, तरी शेजारी बसलेल्या फिलेमोनला वास आला नाही. आईने घाबरून त्याला शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला हायपोथॅलॅमस वयात येण्याचा निरोपच पुढे धाडत नाहीये. वास न येणं हे त्याच्याच जोडीचं, जन्मापासूनचं. ते काही सुधारायचं नाही. पण इंजेक्शनं घेतली तर दाढीमिशा येतील, आवाज फुटेल."

बातमी कळताच चर्चचे गायनमास्तर सेवेरो धावत घरी आले. "ताई, नाताळ तोंडावर आलाय. एवढी कसली घाई?"

"मास्तर, मला लग्न करायचंय," फिलेमोनच म्हणाला, "आणि तुम्हाला ही घाई वाटते?"

त्याने इंजेक्शनं घेतली. हळूहळू दाढी आली, आवाज घोगरा झाला. पोरी गाल ओढायचं सोडून लाजायला लागल्या.

मग एका रविवारी चर्चमध्ये त्याचं घोगरं गाणं ऐकून सगळ्या गावाने त्याच्यासाठी गुडघे टेकले.


"देवा, बिचाऱ्याला लवकर बरं कर!"