तर्जनीवरची पट्टी

मीटरवरचा आकडा उतरत होता. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. मोनालीने वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तर्जनी उशीवर वाकलेली होती, गेले पाच महिने होती तशीच. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण डोळ्यांना न दिसणारं कळावं म्हणूनच तिने बोटावर चिकटवलेली, मीटरला जोडलेली ही पट्टी बनवली होती.

सिलिकॉन रबरात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून केलेली काळी पट्टी. ताणली की नळ्या एकमेकींपासून दूर जातात, विजेची वाट अडते आणि आकडा चढतो. बोट जरा सरळ झालं, पट्टी सैल पडली, की उतरतो. जालना रोडवरच्या अपघातात वडिलांच्या, कचरूंच्या, खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या. सहा महिन्यांत बोट हललं नाही तर आशा सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"अप्पा, हललं."

कचरूंनी मीटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "व्हय. मलाबी वाटलं."

आईने, केसरबाईंनी, शेजारीपाजारी साखर वाटली. आता दळण तुम्हीच आणायचं, लई दिवस बसून खाल्लं, असं नवऱ्याला दटावलं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्या पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी, ती काम करायची त्या प्रयोगशाळेत, मोनालीने तशीच नवी पट्टी एका पेनावर ताणून चिकटवली. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. पेन तर हलत नव्हता. ताणलेलं रबर आपोआप ढिलं पडत जातं. पट्टी आधी तासभर तशीच ठेवायची, मगच मोजायचं, हे ती नव्या मुलांना रोज बजावायची. घरी तिला तेवढा धीर निघाला नव्हता.

संध्याकाळी आई भाजीला गेल्यावर ती खाटेशी बसली. सगळं नीट सांगायचं ठरवून आली होती. पेनावरही आकडा उतरला, एवढंच सांगून झालं.

"रबर हाय ते, पोरी," कचरू म्हणाले. शेंद्र्याच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं रबर मळायच्या मशीनवर काढली होती. "ताणून ठेवलं की ढिलं पडतंच. कालच कळलं मला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

दाराबाहेर केसरबाई आल्या होत्या. शेजारणीला काहीतरी सांगत हसत होत्या. कचरूंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, उशीवर ठेवला.

"तिच्यासमोर पुन्हा लाव," ते हळूच म्हणाले. "आज जरा जास्त ताण."