चार केस

बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात तपासनीस बाई बजावून गेल्या, "सुई नको, रक्त नको. भट्टीवाल्याचे चार केस कापून पाठवा. अंगात शिसं किती मुरलंय ते केसच सांगतील." मालक गालातल्या गालात हसला. खरे केस पाठवून आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला तो काय दूधखुळा होता? पोट धरून सुट्टी मागणाऱ्या भट्टीवाल्याला "नाटकं बंद कर!" म्हणून हाकललं आणि घरी जाऊन लेकीच्या वेणीचं टोक कातरून पाकिटात भरलं. पोरीने कारखान्याचा उंबरठाही ओलांडला नव्हता. आठवड्याने तो घरी पोचताच लेक रोजच्यासारखी त्याच्या शिशाच्या धुळीने माखलेल्या शर्टाला बिलगली. "बाबा, पोट दुखतंय." तेवढ्यात बाईंचा फोन आला. "शिसंच शिसं आहे हो केसांत! आजच घरी बसवा त्याला." मालकाच्या तोंडून निघून गेलं, "घरीच असते ती."