दुभाषी

पडद्यावरचा रशियन अधिकारी नेहमीसारखा हसून बोलत होता आणि टिपणीसबाई ते साहेबांना मराठीत सांगत होत्या. पुण्यातला बाईंचा रशियनचा वर्ग मुलांअभावी कधीच बंद पडला होता. मग आखातातलं तेल महागलं, साहेबांच्या कंपनीनं रशियाकडून तेल घ्यायला सुरुवात केली आणि बाईंना घरून बोलावून आणलं. तेव्हापासून त्यांना पुन्हा कुणीतरी रोज 'मॅडम' म्हणत होतं.

"त्यांना सांगा," साहेब म्हणाले, "तुमचं तेल घेतो म्हणून अमेरिका आमच्या मालावर कर वाढवतेय. पुढच्या महिन्यापासून नको."

बाईंनी एकही शब्द मवाळ न करता सांगितलं. तो माणूस म्हणाला, "तुमचं रशियन ऐकायला मात्र आवडायचं."

हे वाक्य बाईंनी साहेबांना सांगितलं नाही.

पडदा बंद झाल्यावर साहेबांनी विचारलं, "मॅडम, इराणच्या तेलावरची बंदी उठतेय. फारसी येणारं कुणी आहे ओळखीत?"

बाईंच्याही आधी घरी बसलेले फारसीचे काझीसर त्यांना आठवले. बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

"सर, कोट इस्त्रीला टाका."