अळणी पिठलं

पार्बताबाईच्या तक्रारीवरून अमरावतीहून साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला तो नेमका दुपारी, शेजारच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं उन्हामुळं थांबलेली असताना. "इथं तर शांतता आहे," म्हणत निघाला. "उपाशी पाहुणा आमच्या दारातून जात नसते!" तिनं त्याला ओसरीत बसवलं आणि चुलीचा जाळ मुद्दाम कमी केला. पिठल्याच्या पहिल्याच घासाला तो थबकला. "मीठ राहिलं वाटतं?" "विमानं आले तसा मालकाले बीपी झाला, आता जवान सुनेले. डॉक्टरनं मीठ सोडाले लावलं." साहेब उठू लागला की ती आणखी भाकर वाढे. ऊन कललं आणि विमान छपरावरून गरजत गेलं, मागोमाग दुसरं. ताटातली वाटी थरथरली. सुनेनं डोकं गच्च धरलं. पार्बताबाईनं यंत्र साहेबासमोर ठेवलं. "आता मोजा. मीठ तं आमी सोडलं, साहेब. कान कसे सोडाचे?"