भजनाला इको

भगवानरावबुवांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याच भजनाची कॅसेट देवळाच्या भोंग्यावर वाजणार होती. आदिलाबादच्या स्टुडिओत नुकताच कॉम्प्युटर आला होता, म्हणून मुलगा सुधाकर आईला, देवकाबाईला, घेऊन कॅसेट साफ करून घ्यायला जैनथहून तिथं गेला.

कॅसेटवर भजन रंगात आलं होतं. मधेच चहाचा पेला वाजला आणि बुवा बायकोवर कडाडले, "थोबाड फोडीन तुयं."

स्टुडिओवाल्यानं पडद्यावर तेवढाच तुकडा निवडला.

"तेवढं पुसून टाका," सुधाकर मान खाली घालून म्हणाला. "बाकी भजनाले इको लावा, देवळात घुमल्यासारका."

देवकाबाईनं खुर्ची पुढे ओढली.



"पुसू नका. भजन गावानं लय आयकलं. इको तेवढ्यालेच लावा."