भिकनच्या नावच्या मुठी

दहाव्या मुठीनंतर शोभाबाईचा हात थांबला. तिने परातीतले गहू सारखे केले, फडक्यात बांधले आणि वर हळदकुंकू वाहिलं.

खाटेवर बसलेल्या भिकनने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. दहाच. खानदेशच्या कानबाई देवीला श्रावणात रोटांचा, म्हणजे जाड पोळ्यांचा, नैवेद्य; त्यासाठी दर वर्षी घरातल्या दर पुरुषाच्या नावाने पाच मुठी गहू काढायचे, ही त्यांच्या भावकीतली रीत. पाच लखनच्या, पाच योगेंद्रच्या. पोरांच्या झाल्या, मग बापाच्या कुठे गेल्या? मान तर घरच्या कर्त्याचा पहिला!

मुठी काढताना कुणी तोंड उघडायचं नसतं. आणि नंतर विचारायला त्याची जीभ रेटेना. 'बाई गं, मला विसरलीस का?' असं कोणी विचारतं का? शोभाबाई भाजीत मीठ विसरेल, पण कानबाईचं काही विसरायची नाही.

भिकनला फुप्फुसाचा कॅन्सर होता. दिवाळीत कळलं, संक्रांतीपर्यंत डोक्यावरचे केस गेले, होळीनंतर परत आले. "नवीन माल आधीपेक्षा काळा आलाय," असं तो सुरतेतल्या त्यांच्या डिंडोलीभर सांगत फिरला. पण पंधरा दिवसांपासून बरगडी ठणकत होती. दुखणं हाडांत उतरलं असेल, अशी डॉक्टरला शंका होती. शुक्रवारी स्कॅन झाला, रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी. "काका, टेन्शन नहीं लेवानुं," डॉक्टर म्हणाला, आणि स्वतःच कपाळ पुसत बसला.

आज शनिवार. लखनला मोबाईलवर आधीच कळलं असणार, आणि त्याने आईला सांगितलं असणार. भिकनचं असं गणित जुळलं. मरणाचं त्याला एवढं नव्हतं हो. पण चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिने जितेपणीच मोजदादीतून काढलं, ते फार लागलं.

दाराशी एक मोठा डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. पाहुण्यांच्या पोळ्यांचे गहू असतील. लखनने डबा आणि गाठोडं दोन्ही स्कूटरवर घातलं आणि गिरणी गाठली. शोभाबाई उजव्या हाताची बोटं चोळत बसली.

"काय झालं हाताला?" भिकनने विचारलं.

"काही नाही. वय झालं."

"तुझं?"

"मग काय तुमचं? तुम्ही तर नवरदेव शेतस!"

तिला हसू आवरेना. भिकनही हसला. बायकोचं काळीज दगडाचं आहे की लोण्याचं, त्याला काही कळेना.

संध्याकाळी उधना स्टेशनवर गाडीतून बावीस माणसं उतरली. दरवर्षी चार टाळकी यायची. शिरपूरचे आले, दोंडाईचाचे आले, सात वर्षांत ज्याला सुरत आठवली नव्हती तो चुलतभाऊ पांडुरंगही आला. त्याने भिकनला अशी मिठी मारली की बरगडी कळवळली.

भिकन समजून चुकला. शेवटचं भेटायला आलेत. बरं, आलेत तर आलेत! रडत बसलो तर यांच्या गाडीभाड्याचं काय? त्याने ठणकावून सांगितलं, "चहात साखर जास्त टाका रे, मला शुगर नाही. तेवढं एकच नाही!"

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, डोळे रेखले, साडी नेसवली. तांदळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि रोटांची ही चळत. रोट भाऊबंदांखेरीज कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. बायकांनी फुगड्या घातल्या. भिकनने जुनी गाणी म्हटली, मधेच खोकला आला की पांडुरंग पुढची ओळ धरायचा.

सोमवारी सकाळी शोभाबाई कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघाली. पुढे बँड. भिकन म्हणाला, "मी नाचणार."

"बाबा, बरगडी..." योगेंद्र घाबरला.

"बरगडी घरी ठेवून येऊ का?"

आणि नाचला की! चौकापर्यंत नाचला, दम लागला, रिक्षाच्या पायरीवर बसला, उठून पुन्हा नाचला. शोभाबाईने पाट सांभाळत मागे वळून पाहिलं आणि तोंडभर हसली. त्या हसण्यात चोरी नव्हती, दुःख नव्हतं. भिकनने त्याच क्षणी तिला माफ करून टाकलं. पाच मुठी गव्हाचं काय एवढं? आयुष्य तर पोटभर दिलं तिने!

दुपारी पंगत बसली. शोभाबाई वाढायची थांबेना. "घ्या भाऊजी, घ्या." माणसं पाटावर डुलायला लागली.

भिकन पांडुरंगला टेकला आणि हळूच म्हणाला, "पांडू, बरं केलं आलास. रिपोर्ट आता संध्याकाळी येईल, पण मला ठाऊक आहे. शेवटचं भेटायला सगळे आलात, माझं मन भरलं."

पांडुरंगचा घास हातातच राहिला. "भेटाले? भो, आम्ही रोट संपवाले येल शेतस! वहिनीना फोन व्हता, पुनवना आत सरनार नहीत म्हणीसन."

"दहा मुठींचे रोट सरत नाहीत?"

"दहा त्या पोरेस्न्या." पांडुरंगने दाराजवळच्या रिकाम्या डब्याकडे बोट केलं. "शनिवारी पहाटे, तू झोपेल व्हता तवय, वहिनीनी तुन्हा एकलाना नावन्या शंभर मुठी काढ्यात. पुढल्या वीस वरीसन्या, आगाऊ."